ताकदीचं पाणी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येते की वडवणी गावातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर पाणी मऊ करण्याचं यंत्र बसवण्यात आलेलं आहे. या कामी मनुष्यहानी झालेली नाही. एक लिंबोणीचं झाड गेलं, दोन शहाण्या माणसांत अबोला झाला आणि एका बाईचं नाव पणाला लागलं, इतकंच. यंत्र बसवायला एक सकाळ पुरली. परवानगी मात्र दसऱ्याला मागायला घेतली ती संक्रांत उलटून गेल्यावर मिळाली.

परवानगी द्यायची होती आमच्या घरमालकांनी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकाच्या खिडकीत माइकपुढे बसून त्यांनी साऱ्या नोकरीभर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले त्या दिवशी माइक खात्याकडे राहिला, आवाज ते घरी घेऊन आले. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायचो. सकाळी बोअरची मोटार चालू करताना ते अंगणाच्या मधोमध उभे राहायचे, तोंडाशी हाताचा कर्णा करायचे आणि खणखणीत पुकारायचे, "वरच्या मजल्याची टाकी भराय लागली हाय. धुण्याभांड्यावाल्यांनी लक्ष द्यावं." वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको, एवढेच प्रवासी. मी तिथल्या महाविद्यालयात शिकवायचो. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नसे. कंट्रोलरांचा थेट बाजारतळापर्यंत जायचा. त्यामुळे आमच्या घरी धुणं कधी आहे हे माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असे.

भाजीवाल्याला ते "लागली का गाडी फलाटाला?" असं विचारायचे. पाहुणा उशिरा आला की त्याला दारातच कारण सांगावं लागे, आणि कारण पटलं तरच चप्पल काढायची. एकदा भटजी सत्यनारायणाला उशिरा आले. कंट्रोलरांनी त्यांना पूजेआधी असं काही झापलं की भटजींनी पुढचे सगळे अध्याय जलद गाडीसारखे, मधले थांबे न घेता, सोडले.

पण या माणसाचा खरा जीव होता बोअरवर. जागा त्यांनी स्वतः काढलेली. पाणाड्याला बोलावलं नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवून मोकळ्या प्लॉटवर अनवाणी फिरले आणि आता जिथे तुळस आहे तिच्या शेजारी नारळ हातावर उभा राहिला. ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आठवली की माझ्याच तळहाताला घाम येतो. शेजाऱ्यांच्या बोअरला नुसता फुफाटा निघाला. यांच्या बोअरला पाणी लागलं, आणि ते कधी आटलं नाही.

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात सगळी गल्ली कोरडी पडली तेव्हा कंट्रोलरांनी फाटक सताड उघडं टाकलं, पाइप रस्त्यावर सोडला आणि घागरींच्या रांगा लावल्या. मध्ये घुसणाऱ्याला नावानिशी पुकारून मागे पाठवायचे. जात विचारली नाही, ओळख विचारली नाही, पैसा तर नाहीच. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर खोचून बायकांच्या घागरी भरून द्यायच्या. गल्ली अजून ते सांगते. म्हणून त्या पाण्याबद्दल वाईट शब्द काढायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. आणि पाणी होतं असं, की वाईट शब्दाशिवाय दुसरं काही सुचू नये.

ते पाणी म्हणजे पातळ केलेला दगड होता. बादल्या आतून पांढऱ्या झालेल्या. नळाच्या तोटीला खालून चुन्याची दाढी. साबण घासघासून झिजायचा, पण फेस काही धरायचा नाही. चहावर साय यावी तसा काहीतरी तवंग यायचा, पण ती साय नसायची. गीझरची कॉइल काढली की ती चकलीसारखी खरबरीत निघे. बायकोचे केस राठ झाले. माझे गळाले, पण त्यात पाण्याचा दोष किती आणि आमच्या घराण्याचा किती हा वाद मी इथे उकरत नाही.

कंट्रोलरांना हे सगळं गुणच वाटत. "ताकदीचं पाणी हाय," ते म्हणायचे. पांढरी पुटं नखाने खरवडून दाखवायचे आणि सांगायचे, लोक हेच औषधाच्या दुकानातून गोळ्या म्हणून इकत घेतेत, आमाला फुकट मिळायलंय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तांब्याभर पाणी मिळायचं आणि समोर बसून ते त्याच्या तोंडाकडे बघायचे. पाहुण्याला चव सांगावीच लागे. मी या घरात राहायला आलो त्या दिवशी "छान आहे, जड आहे जरा" असं म्हणून गेलो. त्यातला "जड" त्यांनी स्तुती म्हणून घेतला.

या पाण्यात डाळ शिजत नसे. वरणाच्या वाटीत वर पिवळं पाणी आणि तळाशी टणक डाळ, अशी दोघांची फारकत झालेली असायची. कंट्रोलरांनी या प्रकरणाची रीतसर चौकशी लावली. कुकर बदलला. मग कुकरची रिंग बदलली. मग गॅस मंद येतो म्हणून एजन्सीत जाऊन भांडले. मग मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला जुनी डाळ विकतो म्हणून भर दुकानात बोलले. तेलगावहून डाळ आणवली, बीडहून आणवली. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ज्याच्यावर घ्यायचा तो अंगणात तुळशीशेजारी निवांत उभा होता.

शेवटी ठपका आला मावशींवर. नोकरीत असताना क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा ही लोण्यासारखं वरण करायची, आता हिचा हात उतरलाय, असा निकाल त्यांनी दिला. आणि दिला तो पुकारूनच, घरात आल्यागेल्या प्रत्येकापुढे. मावशी ऐकून घ्यायच्या आणि डाळीत खायचा सोडा टाकायच्या.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात तर हद्द झाली. आमच्याकडे अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला विष्णू मानून ओवाळायचं आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे. मावशींनी हरभऱ्याची डाळ सकाळपासून शिजवली, पाट्यावर वाटली, तरी पुरण वाळूसारखं रवाळ राहिलं. जावयाच्या दाताखाली डाळीचा दाणा कचकन वाजला. जावई बिचारा सभ्य, तो गिळून बसला. पण कंट्रोलरांनी भर पंगतीत पुकारा केला की पुढच्या धोंड्याला पुरण माझ्या बहिणीकडून येईल. बहीण गेवराईकडच्या, गोदाकाठच्या गावची. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. हे मला बायकोने सांगितलं, आणि आपल्याच जावयासाठी पुरण करायचा हक्क नणंदेकडे जाणं म्हणजे काय, हेही तिनेच मला समजावलं. मला वाटलं होतं, एक काम कमी झालं.

आता यंत्राकडे येतो. मी कंट्रोलरांकडे पहिल्यांदा विषय काढला तो दसऱ्याला. त्यांच्या पाण्याला इलाज करायचा म्हणजे त्यांच्या पाण्याला रोग आहे असं मला म्हणायचं आहे का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी नाही म्हणालो. मग इलाज कशाला? मी जिना चढून परत आलो. पुढच्या खेपेला मी गीझरची कॉइल सोबत नेली. त्यांनी ती हातात घेऊन वजन केली आणि लोखंडसुद्धा भरून आलंय, असं कौतुकाने म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी कॅल्शियम, मॅग्नेशियम असं काहीतरी फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सर, तुमी शिकलेले मानसं. पन नारळ तुमच्या हातावर उभा राहिला न्हाई."

परवानगी शेवटी कॉइलनेच मिळवून दिली. ती एकदा फुटली आणि साऱ्या घराची वीज घेऊन गेली. बातम्या अर्ध्यावर बंद पडल्या, मोटार बंद पडली, आणि खालून प्रथमच कसलाही पुकारा न होता कंट्रोलर स्वतः जिना चढून वर आले. बसवा म्हणाले. मात्र अटी घातल्या. त्यांच्या टाकीला हात लावायचा नाही, फक्त आमच्या टाकीच्या नळाला जोडायचं. रस्त्यावरून दिसणार नाही असं टाकीमागे ठेवायचं. आणि कुणी विचारलंच तर सोलर आहे म्हणून सांगायचं.

बीडहून बसवणारा माणूस आला. निळी उभी टाकी, तिच्यात राळ्याच्या दाण्यांसारखे पिवळट मणी, शेजारी मिठाचा डबा. पाणी त्या मण्यांतून जातं, मणी त्यातला चुना धरून ठेवतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना धुवायचं आणि ते धुवण नालीत सोडायचं, असं त्याने सांगितलं. कंट्रोलर गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. त्या माणसाला त्यांनी आधी गाव विचारलं, मग कोणत्या गाडीने आलास ते विचारलं, आणि ती गाडी वेळेवर होती का हेही विचारलं. काम झाल्यावर त्यांनी आमच्या नळाखाली साबण लावून हात धुतले. मऊ पाण्यात हात गुळगुळीत लागतात. कंट्रोलरांना वाटलं, साबण निघालाच नाही. पुन्हा धुतले. पुन्हा. कोपरापर्यंत धुतले. आमची अर्धी टाकी रिकामी झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि जाहीर केलं की या पाण्यात दम नाही, याला साधा साबण हाकलता येत नाही.

मला तोवर त्यांची इतकी खोड कळली होती की मी वाद घातला नाही. चूक केली. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालेलं होतं. यंत्र पाण्यातली ताकद काढून घेतं, हे त्यांना तंतोतंत पटलं होतं. मग ती काढलेली ताकद जाते कुठे? नालीत. कंट्रोलरांना वाया जाणारी गोष्ट सहन होत नसे, त्यातून ती त्यांच्या बोअरची ताकद. दोन दिवसांनी मी पाहिलं तर धुवणाचा पाइप नालीतून उचलून अंगणातल्या लिंबोणीच्या आळ्यात सोडलेला. मी धावत खाली गेलो. त्यात मीठ असतं, झाड जळेल, असं परोपरीने सांगितलं. ते म्हणाले मीठ तर आपणही खातो.

लिंबोणीची पानं कडेने करपली, मग पिवळी पडली, मग सगळी एकदम उतरली. कंट्रोलर त्या खराट्याखाली उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं की वरच्या मजल्याच्या पाण्यानं जितं झाड मारलं. इतक्या दिवसांची माझी सहनशक्ती तिथे संपली. जिन्यातूनच मी ओरडलो की यंत्रानं थुंकलेलं पाणी तुम्ही झाडाला पाजलंत, याला यंत्र काय करील? "थुंकलेलं" हा शब्द त्यांच्या बोअरच्या पाण्याबद्दल होता. अबोला सुरू झाला.

कंट्रोलरांचा अबोला म्हणजे पुकारे चालू, फक्त माणसाकडे बघायचं नाही. "वरच्या मजल्याला कळवण्यात यावं," ते तुळशीला सांगायचे, "धोंड्याचा महिना संपला की यंत्र खाली उतरल." तो महिना तोंडावर आला होता. पुढचा पुकाराही लगोलग झाला. लेक-जावई तेलगावहून येणार, पुरण गेवराईहून येणार. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

अबोला पुरुषांचा होता. बायका एकमेकींकडे वाट्या पाठवत होत्या. एक दिवस माझ्या बायकोने खाली वरणाची वाटी दिली आणि थोड्या वेळाने मावशी वर आल्या. वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या, पण सरळ आमच्या कुकरमध्ये डोकावल्या. डाळ कुठली, म्हणून विचारलं. बायको म्हणाली, तुम्ही घेता त्याच दुकानातली. सोडा घातलास का? नाही. मावशींनी मग एक तांब्या पाणी मागितलं, कमरेच्या पिशवीतून मूठभर हरभऱ्याची डाळ काढली आणि आमच्याच गॅसवर शिजायला ठेवली. म्हणजे बाई तयारीनं आल्या होत्या. डाळ झाल्यावर त्यांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो लोण्यासारखा पसरला. दुसरा दाबला, तोही पसरला. मग त्यांनी बोटं पदराला पुसली.

बायकोने विचारलं, मावशी, तुम्हाला ठाऊक होतं ना? त्यावर त्या जे म्हणाल्या ते बायकोने मला रात्री सांगितलं. ज्या पाण्यावर गल्लीतली लेकरं जगली त्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू, आणि यांना तरी त्या बोअरशिवाय दुसरं काय आहे. माझ्या हाताला नावं ठेवली तर कुणाचं काय बिघडतं, असं वाटायचं. एवढं बोलून त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पन जावई माझा हाय. औंदा पुरण मी करनार."

धोंडे जेवायच्या दिवशी सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात शिट्ट्या होऊ लागल्या. खाली कंट्रोलर फाटकाशी उभे राहून आवक-जावक बघत होते. तेलगावहून लेक-जावई मोटारसायकलवर आले, ते पुकारलं गेलं. गेवराईहून त्यांच्या बहीण, आत्याबाई, बसने आल्या, हातात पुरणाचा स्टीलचा डबा, तोही पुकारला गेला. आत्याबाई चांगल्या होत्या. भावाच्या बोलण्यानं वहिनीला काय लागलं असेल हे त्यांना कळत होतं. मावशींनी त्यांना खालच्या स्वयंपाकघरात नेऊन झाकण काढून वरून आणलेलं आपलं पुरण दाखवलं. आत्याबाईंनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं, आपला डबा पिशवीत घातला आणि पिशवीचे बंद बांधून टाकले.

पंगतीला बायकोबरोबर मलाही बोलावणं होतं. विष्णूच्या पंगतीत अबोला चालत नाही, असा काहीतरी नियम कंट्रोलरांनी स्वतःच काढला असावा. जावई पाटावर, लेक शेजारी. ओवाळून झालं. मावशी तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. कंट्रोलरांनी सवयीने सांगितलं की पुरण गेवराईहून आलेलं आहे, निर्धास्त खावं. मावशींनी ते दुरुस्त केलं नाही. त्यांचं सगळं लक्ष जावयाच्या दातांकडे होतं.

जावयाने पहिला धोंडा मोडला. चावला. आमच्यापैकी चार जण कचकन आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही. दुसरा संपला. तिसरा संपला. आणि मग त्या माणसाने जे केलं ते आमच्या भागात कोणत्याही जावयाने केल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे जावयाला आग्रह करकरून वाढावं लागतं आणि त्याने ताटावर हात आडवा धरून नको-नको म्हणायचं असतं. याने आग्रहाची वाट न बघता ताट स्वतःच पुढे सरकवलं. पुरण लई मऊ झालंय म्हणाला, अजून दोन वाढा.

कंट्रोलर फुलून आले. बहिणीच्या हाताची तारीफ त्यांनी सुरू केली ती आईच्या हातापर्यंत मागे नेली. ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात आत्याबाई बोलल्या.

"दादा, माझा डबा पिशवीतच हाय. हे वैनीनं केलंय."

ते अर्धवट हसत राहिले. विनोद असावा असं त्यांना वाटलं. मग माझ्या बायकोला राहवेना. डाळ वरच्या नळाच्या पाण्यात शिजली आहे, काका, हे तिने हळूच पण स्पष्ट सांगितलं. मी मान खाली घालून बसलो, कारण वर केली असती तर हसू फुटलं असतं.

कंट्रोलरांनी चावणं थांबवलं. ताटातला धोंडा उचलला, मोडला, आतलं पुरण अंगठ्यानं दाबून पाहिलं. एकदा वर छताकडे बघितलं, एकदा दारातून तुळशीकडे. जावई जेवत होता. मावशी तूप वाढायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आत्याबाई बघत होत्या, मी बघत होतो. इतक्या महिन्यांच्या त्राग्यानंतर हा माणूस आता पाण्याबद्दल एक शब्द तरी बोलेल, अशी माझी खात्री झाली होती. त्यांनी घास गिळला, मावशींकडे वळले, आणि मनापासून कोड्यात पडलेल्या, जराशा दुखावल्याच आवाजात म्हणाले,

"अगं, मंग इतकी वर्सं आमाला खडे का म्हनून चारलेस?"